रॅमचा पहिला दिवस-रात्र: वाळवंटात वॅट विसरा, पोट सांभाळा

मुंबईत कोणीही सोलो रॅमचं (रेस अक्रॉस अमेरिका, अख्खी अमेरिका आडवी ओलांडायची सायकल रेस, तीही एकट्याने) डोक्यात घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, सुरुवातीला किती वॅटवर, म्हणजे पेडलवर किती ताकद लावून, चालवायचं. प्रश्न चुकीचा नाहीये पण पहिल्या २४-३० तासांत वॅटवरून फार काही ठरत नाही, ठरतं ते पोटावरून. दुसऱ्या दिवशी दुपारी ॲरिझोनाच्या वाळवंटात जो माणूस अजून खातोय, पितोय आणि ते पोटात टिकतंय, त्याची रेस चालू आहे. ज्याला पाण्याचा वास सुद्धा नकोसा झालाय त्याचा एफटीपी (तासभर टिकवता येणारी जास्तीत जास्त ताकद) ३०० वॅट असला तरी काय उपयोग. तर खालचं सगळं त्या एका गोष्टीभोवती आहे. क्रू (रायडरसोबत गाडीतून जाणारी मदतीची टीम) म्हणून गेलेल्या आणि जाऊन आलेल्या मंडळींशी गप्पा मारून, स्वतः उन्हात सायकल मारून जे पटलंय ते लिहितोय. डॉक्टर नाहीये, तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

ज्यांना अजून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेस अक्रॉस अमेरिका, १९८२ साली चार जणांनी सुरू केलेली, तेव्हा सांता मोनिका ते न्यूयॉर्क होती, आता कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून निघून पूर्व किनाऱ्यापर्यंत जवळपास ४८०० किमी. पुरुष सोलोला १२ दिवस. आपल्याकडे नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ ला दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, मग २०१७ ला श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी सोलो, आणि २०१९ ला नवी मुंबईचा कबीर राचुरे. २०१७ चे दोघंही १२ दिवसांच्या आत आले ते थोडेच तास राखून, हे लक्षात ठेवा कारण पुढे त्याचं गणित लागणार आहे. पूर्ण रॅम झेपणार नसेल तर त्याच रस्त्यावर कोलोरॅडोतल्या ड्युरँगोपर्यंतची रेस अक्रॉस द वेस्ट आहे, ९३० मैलांची, तिलाही हीच सुरुवात लागू.

गणित असं. ४८०० भागिले १२ म्हणजे दिवसाला ४००, म्हणजे झोप, मुतायला थांबणं, कपडे बदलणं सगळं धरून ताशी साडेसोळा-सतरा किमी. आपल्यातला कुठलाही बीआरएमवाला (ठरलेल्या वेळेत २००-६०० किमीच्या लांब राईड करणारा) म्हणेल हे तर आरामात, मी ६०० किमीला यापेक्षा बरा येतो. तेच तर म्हणतोय. पहिल्या दिवशी घाई करायचं एकही कारण नाहीये. पुढे भरपूर झोप लागणार, डोंगर येणार म्हणून थोडी शिल्लक हवी हे मान्य, पण ती पहिल्या सहा तासांत जोर लावून मिळत नाही, दुसऱ्या दिवशी चालत राहिलात तर मिळते.

मुंबईतून तयारी करताना काय गंडतं

आपल्याला वाटतं आपण मुंबईचे, आपल्याला उन्हाचं काय. मे महिन्यात घोडबंदर किंवा पाम बीचला सकाळी नऊला सुद्धा माणूस नखशिखांत भिजलेला असतो, त्यामुळे आपण उष्णतेला तयार आहोत असा समज होतो, अर्धा खरा अर्धा खोटा. घाम तुम्हाला थंड करतो तो वाळताना. एक लिटर घाम अंगावरून वाळला की साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मुंबईत हवेत आधीच एवढं पाणी असतं की निम्मा घाम वाळतच नाही, नुसता कोपरावरून टपटप खाली पडतो, आणि खाली पडलेला थेंब काही थंड करत नाही. वाळवंटात उलटं होतं. तिथे घाम आला आला की वाळतो, अंग कोरडंच लागतं, जर्सीवर फक्त मिठाचे पांढरे नकाशे दिसतात, आणि आपल्या डोक्यात मुंबईचं मीटर बसलेलं असतं की भिजलो नाही म्हणजे घाम नाही म्हणजे पाणी कशाला. इथेच मुंबईकर फसतो. तिथे भिजण्यावरून अंदाज घ्यायचाच नाही, घड्याळावरून प्यायचं.

खरा अर्धा भाग असा की दमट उन्हात केलेली मेहनत वाया जात नाही. उष्णतेची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात, पहिल्या आठवड्यातच रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, त्याच वॅटला हार्टरेट खाली येतो. हे सगळं घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) पंखा बंद करून सुद्धा होतं, आणि राईड झाल्यावर गरम पाण्याच्या टबात अर्धा तास बसूनही होतं (टब आपल्याकडे कोणाच्या घरी असतो म्हणा, मोठं पिंप घेतलेला एक जण माहितीये). पण ही सवय दोन-तीन आठवड्यांत उतरते सुद्धा, त्यामुळे एप्रिलमध्ये करून जूनला उपयोग नाही, मे अखेरपासून निघेपर्यंत चालू ठेवा.

कोरडं ऊन मात्र मुंबईत मिळत नाही. लोक राजस्थान, कच्छचे प्लॅन करतात, छानच आहे, पण स्वस्तातला उपाय म्हणजे विदर्भ एक्सप्रेस पकडून अकोला. मे मध्ये अकोला-चंद्रपूरला ४५ च्या वर पारा जातो, ब्रेकव्हॅनमध्ये सायकल टाकायची, अकोल्याहून पातूरमार्गे वाशिमकडे, मधे घाटही मिळतो. सोबत गाडी आणि माणूस पाहिजेच, एकट्याने अजिबात नाही. दुपारी १२ ला निघायचं, पहाटे नाही. स्थानिक लोक वेड्यात काढतात, काढू देत. तिथे वेग बघायचाच नाही, बघायचं एवढंच की चौथ्या तासाला काय पोटात जातंय आणि काय वर येतंय, आणि ते वहीत लिहून ठेवायचं. ही वही रेसला कामाची आहे.

अजून एक, आपल्याकडचं रॅम क्वालिफायर म्हणजे पुणे-गोवा डेक्कन क्लिफहँगर, ते हिवाळ्यात असतं. त्यात पाय तपासले जातात, झोप तपासली जाते, उन्हातलं पोट तपासलं जात नाही. क्वालिफाय झालो म्हणजे तयार झालो असं समजू नका.

आणि तिकडे लवकर पोचा. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. सोलोवाले मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास सुटतात, म्हणजे मुंबईत तेव्हा रात्रीचे साडेबारा. शरीराला वाटतंय झोपायची वेळ झाली आणि तुम्ही त्याला सांगताय चल ४८०० किमी. निदान १० दिवस आधी जाणं परवडत असेल तर जा, त्यातले चार-पाच दिवस किनाऱ्यावर न काढता आत वाळवंटातल्या बोरेगो स्प्रिंग्ज गावाला जाऊन दुपारची एक-दोन तासांची हलकी राईड करा. तेवढ्यात रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवयही होते, आपल्याला मागे बघायला मान उजवीकडे वळवायची सवय असते, तिकडे डावीकडे. आणि हो, सिग्नल आणि स्टॉप साइन. पाय टेकवून थांबायचं. आपल्याकडे रिकाम्या सिग्नलला कोण थांबतंय, तिकडे पेनल्टी लागते.

किनारा ते डोंगर

ओशनसाइडला स्टार्टला हवा एवढी सुंदर असते की गंमत वाटते. जूनमध्ये तिथे समुद्रावरून ढगांचा थर येतो, विशीतलं तापमान, वारा, टाळ्या, फोटो, घरचे व्हिडिओ कॉलवर. एकेक मिनिटाच्या अंतराने एकेक रायडर सोडतात. सुरुवातीला नदीकाठचा सान लुईस रे बाईक पाथ आहे तिथे रेसिंग करायचंच नसतं, क्रूही सोबत नसतो, आणि ते बरंच आहे, तेवढ्या वेळात खायला सुरुवात करा. पहिला घास २० व्या मिनिटाला. भूक नसणारच, तरी.

तिथून आत वळलं की छोटे छोटे चढ सुरू होतात, व्हॅली सेंटर, पौमा व्हॅली, मग हायवे ७६ चा लांब चढ लेक हेनशॉपर्यंत. समुद्रापासून आत जाल तसं तासागणिक तापमान चढतं. याच भागात सगळ्यात जास्त लोक स्वतःचं वाटोळं करतात कारण पाय ताजे असतात, टेपर (रेसआधी सराव कमी करून घेतलेली विश्रांती) झालेला असतो, पुढे कोणीतरी दिसत असतो. दिसू दे. सपाटीला एफटीपीच्या ५५-६० टक्के, चढाला कितीही मोह झाला तरी ७० च्या वर नाही, हे मी सांगतो तो आकडा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हार्टरेटला वरची मर्यादा घालून घ्या आणि दोन्हीतलं जे आधी तुटेल ते पाळा. उन्हात त्याच वॅटला हार्टरेट हळूहळू चढत जातो, कारण रक्त पायांनाही हवं असतं आणि त्वचेलाही, मग ज्याच्या वाट्याचं कापलं जातं ते म्हणजे आतडं. रक्त नाही तर पचन नाही, जेल (पाकिटातली साखरेची घट्ट पेस्ट) नुसता आत पडून राहतो, वरून पाणी प्यालं की ते पण तिथेच, मग पोट डचमळतं, मग उलटी. लोक म्हणतात जेलने त्रास दिला. जेल बिचारा काय करणार, तुम्ही दोन तासांपूर्वी चढावर २० वॅट जास्त मारले होते त्याचं बिल आता आलं.

म्हणून पोट बिघडायला लागलं की पहिला उपाय गोळी नाही, पहिला उपाय वेग कमी. दहा मिनिटं अगदी हळू, अंग ओलं, थंड पाण्याचे छोटे घोट, नुसतं पाणी, साखर बंद. बहुतेक वेळा पोट परत चालू होतं. आणि पेनकिलर, म्हणजे आयबुप्रोफेन वगैरे, उन्हात पाणी कमी पडलेलं असताना घेऊ नका, किडनीचं काम आधीच वाढलेलं असतं.

काच लिफ्ट

लेक हेनशॉनंतर रांचिटापर्यंत अजून थोडं चढून साधारण १२०० मीटर उंचीवर येता आणि मग माँटेझुमा ग्रेड, रॅमवाले त्याला ग्लास एलेव्हेटर म्हणतात. साधारण १६ किमीत हजार मीटरहून जास्त उतार, खाली बोरेगोचं वाळवंट पूर्ण दिसतं. मुंबईच्या ग्रुप राईडच्या स्पीडने गेलात तर संध्याकाळच्या सुमाराला इथे असता, ऊन कलायला लागलेलं असतं, त्यामुळे वाटतं आता गार होईल. होत नाही. जसजसं खाली जाल तसतसं तोंडावर हेअर ड्रायर धरल्यासारखी हवा येते, खाली संध्याकाळी सुद्धा ४०-४२. हवा त्वचेपेक्षा गरम असली, म्हणजे साधारण ३५ च्या वर, की वारा तुम्हाला थंड करत नाही, उलट उष्णता आत ढकलतो, फक्त अंग ओलं असेल तरच तो वारा कामाचा.

त्यामुळे वर थांबा. दोन मिनिटं. खायचं ते वर खा, कारण उतारावर वीस-पंचवीस मिनिटं हात हँडलवरून निघणार नाहीत. स्लीव्ह्ज आणि जर्सी चिंब भिजवा. पुढचं चाक डीप रिमचं (उंच कडेचं) असेल तर बदला किंवा सरळ आणूच नका, वळणावर बाजूचा वारा सायकल ढकलतो आणि ताज्या पायाचा माणूस सुद्धा घाबरून आखडतो. ब्रेक धरून ठेवायचा नाही, वळणाआधी जोरात मारायचा आणि सोडायचा, रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब जाते. कसारा घाट उतरून सराव होतो पण कसाऱ्याला ट्रक असतात म्हणून आपण तसेही हळू असतो, इथे रस्ता मोकळा असतो आणि तोच धोका.

टायरची हवा एसी मोटेलमध्ये भरू नका. २० डिग्रीला भरलेलं ८० पीएसआय ४५ डिग्रीला ८८ च्या आसपास जातं, वर तापलेला रस्ता वेगळा. गाडीबाहेर सावलीत भरा आणि थोडी कमीच भरा. ट्यूबलेस असेल तर सीलंट (टायरमधला भोक बुजवणारा द्रव) ताजं हवं, कारण रस्त्याच्या कडेला गोटहेड नावाचे काटे असतात, आणि ते म्हणजे आपला सराटाच, तीच वनस्पती, इकडून तिकडे पोचलेली. गावाकडे अनवाणी चाललेल्यांना जास्त सांगायला नको. कडेच्या मातीत सायकल उतरवू नका, टेकवून ठेवू नका.

बर्फ कुठे आणि पाणी कुठे

इथे माझं मत जरा वेगळं आहे. सगळे बर्फाच्या मागे लागतात. बर्फ वितळताना किलोला ८० किलोकॅलरी घेतो. पाणी वाळताना लिटरला ५८०. म्हणजे कोरड्या हवेत अंगावर पाणी ओतत राहणं हे बर्फ चिकटवून बसण्याच्या कितीतरी पट कामाचं आहे, आणि बोरेगो ते पुढच्या ब्रॉली गावापर्यंतची हवा अगदी कोरडी असते. बर्फ पोटासाठी ठेवा. चुरा करून सरबतात, स्लशसारखा, तो आतून थंड करतो आणि मळमळणारं पोट सुद्धा थंड घोट घेतं, कोमट घेत नाही. जुन्या स्टॉकिंग्जमध्ये बर्फ भरून मानेवर ठेवतात ते पण छान वाटतं, करा, पण त्यावर अवलंबून राहू नका.

पाणी मानेवर, छातीवर, हातांवर. मांड्यांवर आणि कमरेवर नाही. वरून ओतलेलं पाणी ओघळत शॉर्टमध्ये आणि मोज्यात गेलं की रात्रीपर्यंत पावलं पांढरी फट्ट सुरकुतलेली आणि सीटला घासून साल निघालेली, जुलैत लोणावळ्याला भिजत गेलेल्या प्रत्येकाला हे माहितीये. पुढे वाकून मानेवर ओता म्हणजे खाली गळेल. ओतायची बाटली वेगळी, त्यावर लाल टेप, नाहीतर कोणीतरी अंधारात साखरेचं पाणी डोक्यावर ओततो.

नाकाचं कोणी बोलत नाही. कोरड्या हवेत तोंडाने श्वास घेऊन घेऊन घसा आणि नाक सुकून रक्त येतं, मग गिळायला त्रास, मग खाणं कमी, परत पोटावरच आलो. निघायच्या आधी आणि दर थोड्या तासांनी नाकपुड्यांना तुपाचं बोट, ओठांना पण. आजीचा उपाय आहे, चालतो.

काय प्यायचं, काय खायचं

१५० वॅटने पेडल मारताना शरीर बाजूला साधारण ५०० वॅट उष्णता तयार करतं, ती घालवायलाच ताशी पाऊण लिटर घाम लागतो, वर ऊन आणि गरम वारा, म्हणजे लिटरच्या पुढे सहज. आतडं ताशी साधारण लिटरभर पाणी उचलतं, तेही हळू चालवत असाल तर. म्हणजे मर्यादा अगदी जवळ आहे, आणि जास्त पाणी ओतून ती वाढत नाही. जेवढं पाणी अंगावर ओताल तेवढा घाम वाचतो, म्हणून वरचा सगळा खटाटोप.

नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते डीहायड्रेशनपेक्षा जास्त घातक. लक्षणं फसवी असतात, डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं, घड्याळाचा पट्टा घट्ट होणं. क्रूने त्यावर अजून पाणी पाजलं की संपलं. म्हणून गाडीत साधा वजनकाटा ठेवा. स्टार्टचं वजन लिहून ठेवा, बोरेगोला, ब्रॉलीला, त्यापुढच्या ब्लाइद गावाला परत करा. थोडं कमी होणारच, दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर वेग कमी करून पाणी-मीठ वाढवा. वजन वाढलं असेल तर साधं पाणी बंद.

इलेक्ट्रॉल आपल्याकडे कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतं, ओआरएसच्या फॉर्म्युल्यात लिटरला ७५ मिलीमोल सोडियम म्हणजे साधारण १७०० मिलीग्राम, ते जुलाबासाठी बनवलंय, सायकलिंगला दिवसभर तेवढं खारट जात नाही. घाम फारच खारट असणाऱ्यांनी पूर्ण, बाकीच्यांनी पाकीट दोन लिटरमध्ये. आणि त्यात साखर अगदी कमी, लिटरला १३-१४ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे इलेक्ट्रॉल पितोय म्हणजे एनर्जी घेतोय असं नाही, कार्ब वेगळे घ्यावे लागतात. थंडीत ताशी ८०-९० ग्रॅम खाणारा माणूस ४३ डिग्रीला ५०-६० पचवू शकला तरी खूप, तेवढ्यावर समाधान माना, रात्री वाढवा.

खाण्यात आपल्या माणसाला गोड जेल आठव्या तासाला नकोसे होतात. पातळ ताक मीठ-जिरं घालून, कोकम सरबत, नाचणीची आंबील, मऊ मुगाची खिचडी, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, थंड कलिंगड. दूध-दही आइसबॉक्समध्येच, बाहेर अर्धा तास राहिलं तर फेकून द्या. चिवडा, चकली, फरसाण क्रूसाठी, कोरड्या तोंडाला ते उतरत नाही. तिकडे ताक मिळत नाही, दही मिळतं, मिक्सर न्या किंवा बाटलीत हलवा. कोकम आगळ इथून बाटलीत, नीट सील करून, सुटकेस वाचवायची असेल तर दोन पिशव्यांत.

रात्र

बोरेगोनंतर ओकोटिलो वेल्सवरून ब्रॉली, स्टार्टपासून सुमारे २३० किमी, समुद्रसपाटीच्या खाली ३० मीटरहून जास्त. तिथून वाळूच्या टेकड्यांमधून ग्लॅमिस आणि मग कोलोरॅडो नदीवरचं ब्लाइद, साधारण ३७५ किमी. हा पट्टा रात्रीच काढायचा, आणि न झोपता. तापमान तिशीच्या वर असतं तरी सूर्य नसतो, पोट परत सुरू होतं, दुपारी राहिलेलं खाणं इथे भरून काढा. ब्रॉलीला एकदाच नीट थांबा, शॉर्ट बदला, पाय कोरडे करा, क्रीम लावा, चष्मा पारदर्शक घाला कारण ग्लॅमिसला वाळू उडते. पहिल्या रात्री झोपून तुम्ही अख्ख्या रेसमधल्या चांगल्यात चांगल्या तासांचं वाटोळं करता. झोप दुसऱ्या दिवशी दुपारी घ्या, ॲरिझोनात पार्कर ते सलोमच्या दरम्यान, सूर्य डोक्यावर असताना एसीमध्ये दीड-दोन तास. तेव्हा चालवत राहिलात तर तसंही रांगतच चाललेले असता.

एरोबारवर (हँडलवरच्या, पुढे वाकून कोपरं टेकायच्या दांड्या) रात्रभर पडून राहू नका. शर्मर्स नेक ऐकलं असेल, मानेचे स्नायू संपतात आणि डोकं उचलत नाही, मायकल शर्मर या १९८२ पासूनच्या रायडरवरून नाव पडलं. ते पुढे कधीतरी होतं पण त्याची सुरुवात इथून होते. दर तासाला दहा मिनिटं उठून बसा.

क्रूशी बोलणं

सुरुवातीच्या भागात दिवसा गाडी मागे मागे येत नाही, पुढे जाऊन रस्त्याबाहेर उभी राहते आणि माणूस पायी उभा राहून बाटली देतो. अंधार पडला की गाडी मागे, हेडलाईटच्या उजेडात. हे नियम वर्षागणिक थोडे बदलतात, त्या वर्षीचं रूल बुक सगळ्या क्रूने वाचलेलं असावं, फक्त क्रू चीफने नाही.

उन्हात रायडरला "काय हवंय?" असं विचारू नये. त्याला काहीच नको असतं. हातात द्यायचं आणि सांगायचं, "दादा, हे अर्ध संपव, पुढच्या वळणाला बाटली परत घेतो." रायडर बाई असेल तर ताई, मोठे डॉक्टर असतील तर डॉक्टर, पण सूर तोच, आर्जव नाही. परत आलेली बाटली बघून किती प्यालं ते लिहायचं, रायडर "प्यालो रे" म्हणतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही. मुतला का, रंग कसा, शेवटचं कधी खाल्लं, वजन, बास, एवढंच एका वहीत. मैल आणि फॅरनहाइटची सवय आधीच करा, रूट बुक मैलात असतं आणि तिकडचे लोक ११० म्हणतील ते म्हणजे आपले ४३.

आणि दर अर्ध्या तासाला एक साधा प्रश्न, पुढचं गाव कुठलं, आत्ता घरी किती वाजले असतील. उत्तर गडबडलं, जीभ जड झाली, सायकल रेषेत चालत नाही, तर तिथेच उतरवायचं. चर्चा नाही, त्याची परवानगी नाही. सावली, कपडे काढा, बर्फाचं पाणी सगळ्या अंगावर, आणि ९११ ला (तिकडचा इमर्जन्सी नंबर) फोन. हीटस्ट्रोकमध्ये हॉस्पिटलला नेण्याआधी थंड करायचं असतं, गाडीत घालून निघालात तर वेळ गेला. हे घरी ठरवून, रायडरच्या बायकोसमोर किंवा नवऱ्यासमोर ठरवून ठेवा, म्हणजे तिथे वाद होत नाही.

काँग्रेसपर्यंत

ब्लाइदला नदी ओलांडली की ॲरिझोना, मग पार्कर, सलोम आणि काँग्रेस नावाचं छोटं गाव, स्टार्टपासून सव्वासहाशे-साडेसहाशे किमीच्या दरम्यान. मधल्या भागाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, सरळ रस्ता, उष्मा, कंटाळा, पॉडकास्ट. खात राहा. काँग्रेसनंतर यार्नेलचा चढ लागतो, ५०० मीटरच्या वर, आणि तो शक्यतो ऊन उतरल्यावरच सुरू करा, त्यासाठी दुपारची झोप तासभर लांबली तरी चालेल. चढ संपला की तुम्ही खालच्या वाळवंटातून बाहेर, पुढचं प्रेस्कॉट १६०० मीटरवर आहे, तिथे रात्री १५ च्या आसपास असतं आणि दोन दिवस तापलेल्या, मिठाने कडक झालेल्या, ओल्या जर्सीतल्या माणसाला त्यात दात वाजेपर्यंत थंडी भरते. तेव्हा काँग्रेसलाच कोरडी जर्सी घाला, आणि विंडचीटर व आर्म वॉर्मर गाडीतल्या सगळ्यात वरच्या बॅगेत ठेवा, ओशनसाइडला पॅक करताना ते हमखास सगळ्यात खाली जातात.